उसनी गोष्ट, स्वतःचं गाणं

लोकांना तोंडपाठ असलेल्या एखाद्या जुन्या विनोदी चित्रपटावरून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर किंवा लंडनच्या वेस्ट एंडवर म्युझिकल येणार, अशी बातमी आली की वादाला तोंड फुटतं. आणि तो वाद दर वेळी त्याच दोन खांबांभोवती फिरत राहतो. एका खांबापाशी उभे असलेले म्हणतात, नाटकवाल्यांना आता नवं काही सुचत नाही, म्हणून सिनेमाचं शिळं ते पुन्हा गरम करून वाढतायत. दुसऱ्या खांबापाशी असलेले म्हणतात, प्रयोग हाउसफुल्ल जातायत, लोक हसत बाहेर पडतायत, मग तुमचं काय बिघडलं? पहिल्यांना गोष्ट कुठून आली याची चौकशी करायची असते, दुसऱ्यांना तिकीटखिडकीवर काय जमलं याची. या दोहोंच्या मधे प्रत्यक्ष नाटक घडतं. अडीच तास माणसं रंगमंचावर बोलतात आणि बोलता बोलता गायला लागतात. त्याबद्दल मात्र दोघेही गप्प असतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चित्रपटावरून म्युझिकल करण्यात मुळात गैर काहीच नाही. पण विनोदी चित्रपटावरून ते करणं फार अवघड आहे, आणि ते साधलं की नाही हे कळण्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो: या गोष्टीत कोण गातंय आणि त्याला गावं का लागतंय? विनोदी गोष्ट लपवालपवीवर चालते. कुणी वेष पालटलेला असतो, कुणी खोटं नाव सांगितलेलं असतं, कुणी आपलं प्रेम, आपली भीती, आपली अब्रू झाकत असतं. झाकलेलं काय ते प्रेक्षकाला ठाऊक असतं, म्हणून तो हसतो. गाण्याचं काम याच्या अगदी उलट. रंगमंचावर माणूस गायला लागला की आतलं बाहेर येतं. साध्या बोलण्यात जे मावत नाही ते सुरात येतं. विनोदाला झाकायचं असतं, गाण्याला उघडायचं असतं. हे भांडण ज्यांनी नीट मिटवलं त्यांची नाटकं उभी राहिली. ज्यांना ते भांडण दिसलंच नाही, त्यांनी चित्रपटाच्या संवादांमध्ये गाणी ठिगळासारखी लावली.

आता 'नवं सुचत नाही' हा आक्षेप. तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी तपासला जातो. हल्ली सुचत नाही म्हणणाऱ्यांनी हे 'हल्ली' कधी सुरू झालं ते सांगावं. १९५३ या एकाच वर्षात ब्रॉडवेवर विनोदी चित्रपटांवरून बेतलेली दोन म्युझिकल आली होती. १९३७च्या 'नथिंग सेक्रेड'वरून 'हेझल फ्लॅग', आणि १९३५च्या एका फ्रेंच चित्रपटावरून 'कार्निव्हल इन फ्लँडर्स'. हे दुसरं तर सहा प्रयोगांत गुंडाळावं लागलं. पण त्यातलं 'हिअर्स दॅट रेनी डे' हे गाणं जॅझच्या गायक-वादकांनी उचललं आणि ते आजही गायलं-वाजवलं जातं. दोनच वर्षांनी ग्रेटा गार्बोच्या 'निनोच्का'वरून कोल पोर्टरचं 'सिल्क स्टॉकिंग्ज' आलं. एवढंच काय, ज्या 'माय फेअर लेडी'कडे (१९५६) घरंदाज, साहित्यिक म्युझिकलचा नमुना म्हणून बोट दाखवलं जातं, तिच्याही अंगावर सिनेमाचं देणं आहे. तिचं मूळ शॉचं 'पिग्मॅलियन' हे नाटक, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नृत्याच्या समारंभाचा तो झगमगता प्रसंग आणि स्पेनमधल्या पावसाचं ते उच्चार घोटून घेणारं वाक्य मूळ नाटकात नव्हतं. ते १९३८च्या चित्रपटात आलं, तिथून म्युझिकलमध्ये आलं, आणि त्या वाक्याचं तर तिच्यातलं सर्वांत लाडकं गाणं झालं.

मराठी वाचकाला तर हे पटवून घेण्यासाठी इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपली संगीत रंगभूमीच उसन्या गोष्टींवर उभी राहिली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं ते कालिदासाकडून. १८८२ साली 'सौभद्र' आलं. त्यात सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी लावायचं बलरामाच्या मनात, अर्जुन संन्याशाच्या वेषात, आणि सगळ्यांना बोटांवर खेळवणारा कृष्ण. वेषांतराची याहून चोख कॉमेडी कोणती? ते बघायला आलेल्यांपैकी कुणाला सुभद्रा शेवटी कुणाची होणार याची उत्कंठा होती का? मुळीच नाही. गोष्ट ठाऊक असणं ही संगीत नाटकात अडचण ठरत नाही, उलट सोय होते. पुढे काय घडणार ही धाकधूक संपली की कान मोकळे होतात आणि लक्ष एकाच गोष्टीवर राहतं: आत्ता, या क्षणी, हिच्या मनात काय चाललंय? अर्जुनाला वेष टिकवायचा आहे म्हणून प्रसंग विनोदी होतो. सुभद्रेला मात्र मन झाकून ठेवणं असह्य झालेलं आहे, म्हणून ती गाते. लपवणं आणि उघड करणं अशी दोन कामं दोन माणसांवर वाटून दिली की विनोद आणि संगीत एकाच घरात सुखाने नांदतात, हे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच कळलेलं होतं.

तरी विरोधकांचा एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो, तो पैशाचा. ब्रॉडवेवर म्युझिकल उभं करायला अफाट खर्च येतो आणि निर्मात्याला ओळखीचं नाव हवं असतं. २००१ साली मेल ब्रूक्सचं, त्याच्याच चित्रपटावरून केलेलं 'द प्रोड्यूसर्स' सेंट जेम्स थिएटरमध्ये आलं, तेव्हा त्याच्या तिकिटांसाठी इतकी झुंबड उडाली की त्याच वर्षी काही खास जागा चक्क ४८० डॉलरला विकायला काढल्या गेल्या. काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी, असं त्याचं कारण सांगण्यात आलं. परिणाम असा झाला की चढ्या दराच्या खास जागा हा पुढे ब्रॉडवेचा रिवाजच होऊन बसला. ओळखीचं नाव पैसा आणतं, पैसा आणखी ओळखीची नावं आणतो, आणि ज्या लेखकाकडे पूर्ण नवी गोष्ट आहे तो दारात ताटकळत राहतो. ही तक्रार खरी आहे, आणि 'लोकांना आवडतं ना' असं म्हणून ती उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण या तक्रारीतून काय सिद्ध होतं? एखादी गोष्ट का निवडली गेली, इतकंच. ती निवडल्यावर तिचं काय झालं, हा हिशेब वेगळाच राहतो. शिवाय ओळखीच्या नावाची हमी वाटते तितकी पक्कीही नाही. 'बिग' हा चित्रपट अमेरिकेत घराघरांत पोचलेला होता, पण १९९६मध्ये त्याचं म्युझिकल १९३ प्रयोगांत संपलं. आल्मोदोवारच्या १९८८च्या गाजलेल्या स्पॅनिश विनोदी चित्रपटावरून २०१०मध्ये आलेलं म्युझिकल तर ६९ प्रयोगांत. दुसऱ्या टोकाला 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' बघा. रॉजर कॉर्मनचा तो १९६०चा चित्रपट जेमतेम दोन दिवसांत चित्रित झालेला, अगदी हलक्या बजेटचा. त्या नावावर गर्दी जमेल असं कुणी स्वप्नातही म्हटलं नसतं. हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकन यांनी १९८२मध्ये ऑफ-ब्रॉडवेच्या एका छोट्या रंगमंचावर त्याचं म्युझिकल केलं आणि ते दोन हजारांहून जास्त प्रयोग चाललं. त्यांनी गोष्टीत तीन मुली आणून उभ्या केल्या. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून सगळं बघतात, गातात, पुढच्या संकटाची चाहूल देतात. चित्रपटात हे नव्हतं. आपल्याकडचा सूत्रधार आणि नटी जे करत आले, ग्रीक नाटकातला कोरस जे करत आला, तेच काम या तिघी करतात. म्हणजे गाणारा कोण, हे आधी ठरलं आणि मग नाटक सापडलं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. विनोदी चित्रपट हा नटाच्या चेहऱ्यात आणि संकलकाच्या कात्रीत असतो, असं काही जण म्हणतात. 'सम लाइक इट हॉट'मधला जॅक लेमन किंवा मेरिलिन मन्रो बाजूला काढा, मागे काय उरतं? वाक्य तेच असेल, पण ते वाक्य आणि तो चेहरा यांचं लग्न लागलेलं आहे. हे मी नाकारत नाही. पण याच चित्रपटातला एक प्रसंग या आक्षेपाची दुसरी बाजू दाखवतो. बाईच्या वेषात लपलेला जेरी (म्हणजे लेमन) रात्रभर ऑस्गुड नावाच्या धनिकाबरोबर नाचून येतो आणि आपलं लग्न ठरल्याचं मित्राला सांगतो. या प्रसंगात दिग्दर्शक बिली वाइल्डरने लेमनच्या हातात माराकस, म्हणजे खुळखुळे दिले होते. दर वाक्यानंतर लेमन ते वाजवत एक गिरकी घेतो. कारण अगदी व्यवहारी होतं. थिएटरात हशा उसळणार आणि त्या हशात पुढचं वाक्य बुडून जाणार. चित्रपट प्रेक्षकासाठी थांबू शकत नाही, म्हणून थांबण्याची जागा आधीच चित्रित करून ठेवावी लागली.

याचा अर्थ जरा नीट लावू या. चित्रपटाच्या इतिहासातल्या सर्वांत वाखाणलेल्या विनोदी प्रसंगांपैकी एकात दिग्दर्शक प्रेक्षागृहातल्या श्वासाचा अंदाज बांधत होता. रंगमंचाला असा अंदाज बांधावाच लागत नाही. तिथे नट हशा ऐकतो, तो ओसरू देतो, आणि नेमक्या वेळी पुढचं वाक्य टाकतो. आणि हातात खुळखुळे घेऊन, तालावर गिरक्या घेत आपलं सुख सांगणारा माणूस गाण्यापासून किती दूर असतो? माझ्या मते अर्ध्या पावलावर. तेव्हा विनोदी चित्रपट आणि रंगमंच यांचं जन्मजात वैर आहे, हे मला पटत नाही. त्यातले काही चित्रपट रंगमंचाच्या उंबरठ्यावरच उभे आहेत.

खरी अडचण आहे ती क्लोज-अपची. वाइल्डरचाच १९६०चा 'द अपार्टमेंट' आठवा. बॅक्स्टर नावाचा कारकून बढतीच्या आशेने आपल्या फ्लॅटची किल्ली साहेबलोकांना त्यांच्या भानगडींसाठी देत असतो. फ्रॅन नावाच्या मुलीवर त्याचा जीव असतो. एका पार्टीत ती आपला छोटा आरसा त्याच्यापुढे धरते. आरशाला तडा गेलेला आहे. तो तडा त्याने आधी पाहिलेला असतो, कारण साहेबांबरोबर फ्लॅटवर आलेली कुणी बाई तो आरसा तिथे विसरून गेली होती. तडकलेल्या आरशात तो स्वतःचा चेहरा बघतो आणि क्षणात त्याला सगळं कळतं. कॅमेरा फक्त तिथे पोचतो. आता हाच प्रसंग हजार-दीड हजार माणसांच्या नाट्यगृहात करा. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला तळहाताएवढ्या आरशातला तडा दिसणार आहे का? कितीही मोठा नट आणा, तो दिसणार नाही.

म्हणून १९६८मध्ये याच गोष्टीचं 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस' करताना नील सायमनने बॅक्स्टरला प्रेक्षकांशी थेट बोलायला लावलं आणि बर्ट बॅकरॅक व हॅल डेव्हिड यांनी त्याला गाणी दिली. कॅमेऱ्याने चेहऱ्याजवळ जाऊन जे दाखवलं, ते इथे माणसाने पुढे येऊन सांगितलं. रंगमंचावर गाणं हाच क्लोज-अप असतो. हे एकदा लक्षात घेतलं की रूपांतर तपासणं सोपं होतं. चित्रपटात कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर का थांबला होता, आणि नाटकात त्या जागी गाणं आहे की गाणं भलत्याच जागी घातलंय, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

'पण गाण्याने विनोदाची गती मरते' असा तिसरा आक्षेप येतो, आणि तोही खरा आहे. दारं आपटतायत, नवरा पलंगाखाली आहे, बायको जिन्यावर आहे, आणि अशा वेळी कुणी उभं राहून तीन कडव्यांचं गाणं म्हणायला लागलं तर प्रहसनाचा जीव जातो. आपल्या संगीत नाटकांनी हे दुखणं भोगलं आहे. पदाला 'वन्स मोअर' मिळत राहायचे, प्रयोग रात्रभर चालायचे, आणि कथानक विंगेत ताटकळत उभं राहायचं.

यावर दोन उपाय मला दिसतात आणि दोन्ही थोर माणसांनी करून दाखवलेले आहेत. एक गोविंद बल्लाळ देवलांचा. मोलिएरच्या सतराव्या शतकातल्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत 'ऑल इन द राँग' केलं, आणि त्यावरून देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं. एक तसबीर, एक संशयी नवरा, त्याहून संशयी बायको, आणि चुकीच्या वेळी चुकीच्या दारात दिसणारी माणसं. पुढे याच नाटकात पदं घालून देवलांनी त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' केलं आणि १९१६मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणलं. आज ज्याला आपण अभिजात मराठी संगीत नाटक म्हणतो ते रूपांतराचं रूपांतर आहे, आणि त्यावर पुन्हा गद्याचं संगीत झालेलं आहे. त्यातली पदं कुणाला दिली आहेत ते बघा. गाण्याचा मोठा भार अश्विनशेट आणि रेवती या प्रेमिकांवर आहे. घोटाळ्याचं चाक फिरवायचं काम फाल्गुनराव आणि कृत्तिका करतात, आणि ते मुख्यतः गद्यात, धडाधड. फाल्गुनरावाचा संशय हसण्याजोगा आहे, म्हणून तो बोलतो. रेवतीच्या वाट्याला आलेला संशय जिव्हारी लागणारा आहे, म्हणून ती गाते. एकच भावना, दोन ठिकाणी, एकदा बोलण्यात आणि एकदा सुरात. देवलांनी यावर कुठे सिद्धान्त मांडत बसायचं कारणच नव्हतं. नाटकाची बांधणीच तो सांगते.

दुसरा उपाय संगीतकार-गीतकार स्टीफन साँडहाइमचा. इंगमार बर्गमनच्या १९५५च्या 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट' या विनोदी चित्रपटावरून त्याने ह्यू व्हीलर आणि हॅल प्रिन्स यांच्याबरोबर १९७३ साली 'अ लिटल नाइट म्युझिक' केलं. सगळ्या जोड्या चुकीच्या जुळलेल्या. मध्यमवयीन वकील, त्याची अठरा वर्षांची नवी बायको, बायकोवर भाळलेला त्याचाच तरुण मुलगा. नाटकाच्या सुरुवातीलाच हे तिघं एकामागून एक गातात: वकिलाला आत्ता हवंय, मुलाला सतत 'नंतर' असं सांगितलं जातंय, बायको 'लवकरच' म्हणून वेळ मारून नेतेय. मग तिन्ही गाणी एकमेकांत गुंफली जातात आणि एकाच वेळी ऐकू येतात. तिघंही एकमेकांपासून लपवतायत आणि तिघंही आपल्यापुढे उघडे पडतायत. संस्कृत नाट्यशास्त्राने स्वगत, जनान्तिक, अपवारित असे जे संकेत बारकाईने घालून दिले, कोण काय बोलतं आणि ते रंगमंचावर कुणाला ऐकू 'येत नाही', त्यांचंच हे सुरांतलं रूप आहे. विनोदाचं झाकणं शाबूत राहिलं आणि गाण्याचं उघडणंही झालं. गती थांबली? उलट वाढली, कारण एकाच गाण्यात तीन प्रवेशांचं काम उरकलं.

याच नाटकातलं 'सेंड इन द क्लाउन्स' ग्लिनिस जॉन्स या अभिनेत्रीसाठी तालमीच्या काळात, उशिरा लिहिलं गेलं. तिचा आवाज गोड होता पण सूर लांबवणं तिला जमत नसे, म्हणून साँडहाइमने तुटक, आखूड ओळी लिहिल्या. सगळं नाटक थट्टामस्करीच्या आडोशाने चाललेलं असताना तिथे पहिल्यांदा एक बाई कसलाही आडोसा न घेता बोलते, आणि तिचा श्वास अपुरा पडतोय असं वाटतं. नटीची मर्यादा हीच पात्राची अवस्था होऊन बसली. हे चित्रपटात नव्हतं, असूच शकलं नसतं. याला उष्टं कसं म्हणायचं?

आता पुन्हा 'सम लाइक इट हॉट'कडे येतो, कारण या गोष्टीची ब्रॉडवेवर दोनदा परीक्षा झाली आहे. (मूळ चित्रपटही कोरी कल्पना नव्हती. १९३५चा एक फ्रेंच चित्रपट आणि त्यावरून १९५१मध्ये झालेला जर्मन चित्रपट त्याच्या आधी होते. अभिजात म्हणून आपण ज्याची राखण करतो तेच मुळात तिसऱ्या हातचं आहे.) पहिला प्रयत्न १९७२चा, 'शुगर'. संगीत जूल स्टाइनसारख्या मुरलेल्या माणसाचं, दिग्दर्शन गावर चँपियनचं. ५०५ प्रयोग झाले, म्हणजे अपयश म्हणता येणार नाही. पण बायकांच्या कपड्यातले दोन पुरुष हा त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत विनोदच राहिला. वेष ही केवळ युक्ती असेल तर ती अंगावर चढवलेल्या माणसाने गायचं तरी कशाबद्दल? 'शुगर'मधली किती गाणी आज कुणाच्या ओठांवर आहेत?

२०२२च्या डिसेंबरात शुबर्ट थिएटरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. मॅथ्यू लोपेझ आणि अँबर रफिन यांची संहिता, मार्क शेमन आणि स्कॉट विटमन यांची गाणी. इथे जेरीला डॅफ्नीच्या, म्हणजे आपल्या बाईच्या सोंगाच्या, कपड्यांत शिरल्यावर काहीतरी सापडतं. आजवर ज्याला नाव देता आलं नव्हतं असं स्वतःचंच एक रूप. ती भूमिका करणाऱ्या जे. हॅरिसन घी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक, मिळालं. यावर 'काळाच्या दबावाखाली केलेला बदल' अशी टीका झाली. या टीकेत एक सल आहे आणि तो मलाही टोचतो. चित्रपटाचा शेवट जगातल्या सर्वोत्तम शेवटांपैकी एक आहे. होडीत बसलेला जेरी डोक्यावरचा टोप उपटून आपण पुरुष असल्याचं सांगतो आणि ऑस्गुड हसून जगात कुणीच निर्दोष नसतं एवढंच म्हणतो. पुढे काय, ते चित्रपट सांगत नाही. त्या न सांगण्यातच त्याची जादू आहे. उत्तर दिलं की ती ओसरते.

तरीही मी दुसऱ्या प्रयत्नाच्या बाजूने आहे. खुळखुळ्यांचा तो प्रसंग पुन्हा बघा. लेमनच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नाही. मित्र त्याला आठवण करून देतो की तू पुरुष आहेस, आणि जेरीला ते स्वतःला बजावून सांगावं लागतं, पुन्हा पुन्हा, उतरत्या आवाजात. ते दार वाइल्डरने स्वतःच १९५९मध्ये किलकिलं करून ठेवलं होतं. कॅमेऱ्याला फटीतून डोकावणं पुरलं. ज्या कलेत माणूस उभा राहून मनातलं गातो तिला दार उघडावंच लागतं. इथे काळाचा दबाव असेल तर असो, पण त्याहून मोठा दबाव गाण्याचा आहे. आणि तिकीटखिडकीच्या हिशेबाने बोलणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की चार टोनी मिळवूनही हे नाटक जेमतेम वर्षभराने, २०२३च्या अखेरीस बंद झालं. गर्दीवरूनच गुणवत्ता ठरवायची असेल तर 'शुगर'ला वर बसवावं लागेल. मी बसवणार नाही.

मेल ब्रूक्सच्या दोन नाटकांची तुलना याहून उद्बोधक आहे, कारण तिथे माणसं तीच आहेत. 'द प्रोड्यूसर्स' या १९६७च्या चित्रपटात दोन लबाड निर्माते हमखास पडेल असं नाटक शोधतात: हिटलरची भलामण करणारं म्युझिकल. पडद्यावर त्या नाटकातलं मुख्य गाणं सुरू होतं आणि कॅमेरा प्रेक्षागृहाकडे वळतो. आ वासून बसलेली, थिजलेली माणसं. आपण त्यांना बघून हसतो. २००१मध्ये हेच गाणं खऱ्या रंगमंचावर आलं तेव्हा कॅमेरा वळवायची सोय नव्हती. प्रेक्षागृहात बसलेले आपणच ते प्रेक्षक झालो. हसावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून. गोष्ट तिच्या खऱ्या घरी पोचली होती. बारा टोनी, अडीच हजारांहून जास्त प्रयोग. याच म्युझिकलचा २००५मध्ये पुन्हा चित्रपट झाला, नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक हेच दोघं घेऊन, आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. तीच माणसं, तीच गाणी, पण समोरचा जिवंत प्रेक्षक काढून घेतलेला.

२००७मध्ये ब्रूक्सने 'यंग फ्रँकेन्स्टाइन' रंगमंचावर आणलं आणि ते पाचशे प्रयोगांच्या आतच थांबलं. का? मूळ चित्रपट हा १९३०च्या दशकातल्या भयपटांचा लाडाने केलेला उपहास होता. तो मुद्दाम कृष्णधवल चित्रित केलेला, प्रयोगशाळेतली यंत्रंही १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी बनवलेलीच मिळवून वापरलेली. विनोद सिनेमाने सिनेमाबद्दल केलेला होता. रंगमंचावर आणताना पायाखालची जमीनच निघून गेली, वर फक्त संवाद उरले. तेव्हा सगळेच विनोदी चित्रपट म्युझिकल व्हायच्या लायकीचे असतात, असं मी मुळीच म्हणत नाही. काहींना हात लावू नये.

अभिजात कलाकृतीचा अपमान होतो म्हणणाऱ्यांना मी थोडक्यातच उत्तर देईन. नाटक पडलं तर चित्रपटाची एक चौकटही कमी होत नाही. तो तिथेच आहे, आज रात्री बघता येतो. धोका असेल तर नाटकालाच आहे, कारण त्याला दर प्रयोगाला एका न बदलणाऱ्या आठवणीशी झुंजावं लागतं.

त्या आठवणीच्या पलीकडे जाता येतं का? हॅरॉल्ड रेमिसच्या १९९३च्या 'ग्राउंडहॉग डे'मध्ये फिल नावाचा हवामान सांगणारा तिरसट माणूस एका छोट्या गावात एकाच दिवसात अडकतो. रोज सकाळी तोच दिवस. २०१६मध्ये लंडनच्या ओल्ड विकमध्ये याचं म्युझिकल झालं. संहिता चित्रपटाच्याच कथालेखकाची, डॅनी रुबिनची, आणि गाणी टिम मिंचिनची. या गोष्टीला गाणं चिकटवावं लागलंच नाही. फिरून फिरून ध्रुवपदावर येणं हा तर गाण्याचा स्वभाव. तेच शब्द, तीच चाल, पण मधल्या कडव्यात काय घडलं त्यावर दर वेळी त्याचा अर्थ पालटतो. फिलच्या सकाळीही अशाच आहेत.

पण मला या नाटकातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळी वाटते. चित्रपटात नॅन्सी नावाची एक सुंदर मुलगी आहे. फिल एके दिवशी तिच्याकडून तिची माहिती काढून घेतो आणि त्याच दिवसाच्या पुढच्या फेरीत जुन्या ओळखीचं नाटक करून तिला पटवतो. प्रेक्षक हसतात, ती पुन्हा फारशी दिसत नाही. तिचं काम तेवढंच. नाटकात मध्यंतर होतं, लोक परत येऊन बसतात, आणि दुसरा अंक नॅन्सीच्या गाण्याने उघडतो. कुणा दुसऱ्याच्या गोष्टीत शोभेपुरती असलेली आपली जागा तिला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल ती गाते. पडद्यावर जिच्यापाशी कॅमेरा थांबला नव्हता, तिला रंगमंचाने मध्यंतरानंतरचा पहिला प्रकाश दिला.